मुक्ताचा सर्फबोर्ड टपावर बांधून नांदेडला

लातूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र चारशे किलोमीटरच्या आत काही येत नाही. तरी आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आठ वर्षं एक सर्फबोर्ड भिंतीला टेकून उभा होता. सर्फबोर्ड म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत जायची लांब फळी. माझ्या मुलीनं, मुक्तानं, बारावीत असताना तो घरीच घडवला होता. शाळेच्या सहलीत मालवणला तिनं कुणालातरी लाटेवर उभं राहिलेलं पाहिलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात ते खूळ शिरलं. थर्माकोलचे ठोकळे चिकटवले, मधोमध प्लायवूडची पट्टी घातली, हीटरच्या गरम तारेनं आकार कापला आणि मग महिनोन्‌महिने पॉलिश पेपरनं घासत बसली. वरून काचेचं कापड आणि ते घट्ट बसवणारं रेझिन चढवायचं तेवढं राहिलं होतं. ते माझ्यामुळं राहिलं, हे आधीच सांगून टाकतो.

मी लातूरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. भूकंपात आमचं औसा तालुक्यातलं घर गेलं तेव्हा मी कॉलेजात होतो. घर पडतं, डिग्री पडत नाही, एवढं त्या वर्षी डोक्यात पक्कं बसलं. पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं आणि त्याच एका वाक्यावर मी पंचवीस वर्षं पोट भरलं. मुक्ताला बारावीनंतर मेडिकलला मार्क कमी पडले, तेही केमिस्ट्रीत. सरांच्याच पोरीला केमिस्ट्रीत कमी! दिव्याखाली अंधार म्हणून लोक हसले असतील, मला मात्र ते फार लागलं. मी तिला रिपीटला बसवलं, गच्चीवरच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडं ठेवली. दुसऱ्या वर्षीही नंबर लागला नाही. बी.एस्सी. करून ती उडुपीकडं समुद्रकाठी निघून गेली आणि आता तिथं लोकांना सर्फिंग शिकवते. रविवारी आईला फोन करते. मी फोन घेतला की दोन मिनिटांत बोलणं संपतं.

यंदा ती दहा दिवस घरी येणार असं कळलं आणि मी ठरवलं, बोर्ड पूर्ण करून तिच्यासमोर ठेवायचा. माफी मागणं मला जमलेलं नाही. वाटलं, हे तरी जमेल. बायको, शैला, म्हणाली, "आधी तिला विचारा की."

"विचारलं तर मग सरप्राइज कसलं?"

"तुम्ही आजवर तिला न विचारताच सगळं केलंय," ती म्हणाली आणि पोळ्यांकडं वळली.

शनिवारी सकाळी सहाला बोर्ड गाडीच्या टपावर बांधून नांदेडला निघालो; तिथं ओळखीचे फायबरचे कारागीर होते. तुम्हाला कधी असली लांब वस्तू टपावर न्यायची वेळ आली तर माझ्याकडून शिका: खाली दोन सतरंज्या, वर जुन्या साड्या, आणि पुढचं टोक बंपरला बांधायलाच हवं. मी ते बांधलं नव्हतं. चाकूरच्या अलीकडं वारा असा भरला की बोर्ड टपावरून उठायला लागला. थांबून पुन्हा बांधाबांध केली. रस्ता एरवी चांगला आहे, मधले काही पट्टे सोडले तर. लातूर ते नांदेड आरामात तीन तास धरा, पेट्रोल जाऊन-येऊन दोन हजारांच्या आसपास.

अहमदपूरला चहाला थांबलो. गरम भजी आणि तळलेली मिरची मिळाली. हॉटेलवाला बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"सर, इस्त्रीचा टेबल हाय का ह्यो?"

"नाही हो. समुद्रात लाटेवर चालवतात. नांदेडला नेतोय."

"आन् निघालात नांदेडला?" त्यानं बाकड्यावरच्या माणसाकडं बघितलं. "समुद्र तिकडं न्हाई की, सर."

बाकड्यावरचा म्हणाला, "मास्तर लोकांचं काय सांगावं, नेतील समुद्र तिकडं बी." सगळे हसले, मीही हसलो. येताना पुन्हा याच हॉटेलात थांबायचं आणि त्याला तयार बोर्ड दाखवायचा, असं मनाशी ठरवलं.

लोहा मागं टाकून साडेनवाला नांदेडात पोचलो. देगलूर नाक्याच्या आतल्या बाजूला रशीदभाईंचं शेड आहे. कूलरच्या फायबर बॉड्या बनवण्यात त्यांची हयात गेली. त्यांचा मुलगा माझ्या क्लासला होता, आता डॉक्टर आहे. त्यामुळं तिथं माझा मान मोठा. त्या दिवशी या मानानंच घात केला.

"या सर, या. गरीबाच्या शेडात आलात." त्यांनी बोर्डावरून तळहात फिरवला. कडेला आले तसा हात सावकाश झाला. "कारागिरानं घासलंय चांगलं. कुठं गुठळी न्हाई. कोनी केलं?"

"घरचंच आहे," मी म्हणालो. मुलीचं आहे म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. ती कुठं असते, पूर्ण का नाही केलं, आता का. ते मला नको होते.

"थर्माकोलवर कधी मारलं न्हाई सर मी. आपलं काम साच्यातलं. पर तुम्ही आनलंय म्हंजी सगळं बघूनच आनलं असनार."

इथं मी गप्प राहायला नको होतं. पण मला वाटलं, माणूस तीस वर्षं फायबरमध्ये आहे, त्याला आपण काय सांगायचं? मी म्हणालो, "तुमच्या हाताला काय सांगायचं, रशीदभाई!" त्यांना वाटलं, केमिस्ट्रीचे सर आहेत, त्यांना आपण काय सांगायचं? चहा आला आणि विषय संपला.

उन्हात रेझिन भराभर घट्ट होतं, म्हणून काम सकाळच्या गारव्यात करायचं ठरलं. स्टेशनजवळ साधा लॉज आठशेला मिळाला. नांदेडला गेलात तर गुरुद्वाऱ्याचा लंगर चुकवू नका, कुणालाही मज्जाव नाही, फक्त डोकं झाका आणि पानात उष्टं टाकू नका. जेवून घाटावर जाऊन बसलो. गोदावरीत पाणी बरं होतं. मुक्ता आली की तिला इथं आणू, निदान सपाट पाण्यावर तरी बोर्ड तरंगवून बघू, ती हसेल, मग मी बोलेन. काय बोलायचं तेही ठरवलं. खरं सांगतो, कित्येक वर्षांत एवढा खूश मी नव्हतो.

रविवारी सातला काम सुरू केलं. रशीदभाईंनी काचेचं पांढरं कापड बोर्डावर अंथरलं, चादर घालावी तसं. डब्यात रेझिन, त्यात हार्डनरचे थेंब मोजून. ढवळलं, मधोमध ओतलं आणि ब्रशनं पसरवायला लागले. कापड भिजून पारदर्शक झालं आणि खालची मुक्तानं पेन्सिलनं आखलेली रेघ दिसायला लागली. मी फोटो काढला.

पुढचा फोटो काढायला फोन वर केला तेव्हा रेघ दिसेना.

"सर," रशीदभाई हळूच म्हणाले, "हे बसून राहिलंय खाली."

मधला भाग खचत होता. कापडाखाली बारीक बुडबुडे, चरचर असा आवाज. त्यांनी फडकं घेऊन रेझिन पुसायचा प्रयत्न केला, तर फडक्याबरोबर थर्माकोलचा चिकट लगदाच वर आला. मी हातानंच कापड ओढलं. पाचेक मिनिटांत प्लायची पट्टी उघडी पडली, दोन्ही बाजूंना खड्डे आणि वर ओल्या पापडासारखं लोंबणारं कापड. पुढचं आणि मागचं टोक तेवढं वाचलं.

दरवर्षी नव्या बॅचला मी एक प्रयोग करून दाखवतो. थर्माकोलचा कप पेट्रोलमध्ये सोडतो, कप बघता बघता विरघळतो, पोरं टाळ्या वाजवतात. मग मी फळ्यावर लिहितो की सारखं सारख्यात विरघळतं. या रेझिनमध्ये स्टायरीन असतं, आणि थर्माकोल म्हणजे त्याच स्टायरीनपासून झालेलं पॉलिस्टायरीन. पंचवीस वर्षं शिकवलेला धडा समोर घडत होता आणि मी त्याचा फोटो काढत होतो.

रशीदभाई खाली बसले. "गलती माझी हाय सर. मला शंका आली व्हती."

"मलाच यायला हवी होती."

"कोनाचं व्हतं ते?"

"मुलीचं."

त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "लेकीचं हाय म्हनला असता, तर मी ब्रश लावला नसता. आधी तिलाच फोन लावा म्हनलो असतो." पैसे घेतले नाहीत. मी ठेवले तर त्यांनी ते गाडीच्या काचेतून परत आत टाकले.

परतताना अहमदपूरचा रस्ता टाळला. त्या हॉटेलवाल्याला तोंड दाखवायची इच्छा नव्हती. कंधार, जळकोट करत उदगीरकडून आलो. हा रस्ता लांब पडतो, वळणं जास्त, पण गर्दी कमी. उदगीरला एका गाड्यावर सुशीला खाल्ली; भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा आमच्याकडचा नाश्ता, वरून शेव आणि लिंबू. किल्ला बघण्यासारखा आहे असं सगळे सांगतात, तुम्ही बघा. मी किल्ल्यासाठी गाडीतून उतरलो नाही. टपावर साडीत गुंडाळलेलं जे होतं ते काय आहे, असं या वेळी कुणीच विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा शैलानं टपाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काही न विचारता मुक्ताला फोन लावून माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं सांगता आलं नसतं. पलीकडं समुद्राचा आवाज येत होता.

"पॉलिएस्टर रेझिन लावलं?" तिनं विचारलं.

"हो."

"बाबा, तो दुसरा होता. पहिला मी अकरावीत असाच घालवला. एमआयडीसीतून रेझिनचा डबा आणला, ओतला आणि मधे खड्डा. दोन दिवस तुमचीच पुस्तकं काढून शोधत बसले, असं का झालं म्हणून. मग स्टायरीनचं कळलं. याला बिनस्टायरीनचं, इपॉक्सी रेझिन लागतं, असं तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, आधी परीक्षा."

मला ते आठवत नाही. तेव्हा तिचं मी ऐकतच नव्हतो, म्हणजे ती म्हणालीच असणार.

"मी घरातच होतो की. का झालं, ते मला का नाही विचारलंस?"

"भीती वाटायची. तुम्ही क्लासला गेल्यावर तो बिघडलेला बोर्ड पोत्यात भरून सायकलवरून टाकून आले."

जिला केमिस्ट्री येत नाही म्हणून मी वर्षभर अभ्यासाला कोंडलं, ती तो धडा माझ्या डोक्यावरच्या खोलीत स्वतःच्या हातानं शिकली होती. माझ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं तो असा शिकलेला नाही. हे तिला सांगायला हवं होतं, पण मी भलतंच बोललो. म्हणालो, उरलेली टोकं जपून ठेवतो.

"टाकून द्या ते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "इथं आल्यापासून मी दहा केलेत. आता अकरावा चालू आहे."

दहा. मला एकही माहीत नव्हता. प्रवासाहून येताना माणसं काहीतरी आणतात. मी हा आकडा आणला.

"तिथला पहिला कसा झाला?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. वाकडा झाला होता, म्हणाली, एका बाजूलाच वळायचा. मी दुसऱ्याचं विचारलं, मग तिसऱ्याचं. तिसऱ्याचं सांगणं अर्ध्यावर असताना तिची शिकायला आलेली माणसं किनाऱ्यावर जमली आणि तिला जावं लागलं.