गाडी सुटत होती

"माणूस वाईट नाय तो," हे काकांचं पालुपद. ज्या मॅनेजरने त्यांना कामावरून काढलं, त्याच्याबद्दलही ते हेच म्हणायचे. तेही माझ्या मुलुंडच्या ऑफिसात, त्याच मॅनेजरच्या कंपनीविरुद्धच्या अर्जावर सही करताना. असा एखादा काका तुमच्याही ओळखीत असेल, तर माझा संताप तुम्हाला वेगळा सांगायला नको.

काका भांडुपला पंपांच्या कारखान्यात फिटर होते. उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली आणि एके दिवशी कंपनीने त्यांच्या अख्ख्या खात्याला घरी बसवलं. मी कामगारांची वकील. नोकरी परत मिळावी म्हणून आम्ही लेबर कोर्टात गेलो.

"त्याने तुमच्या पोटावर पाय दिलाय, काका."

"होय गो बाय. पण आमची मंडळी आजारी होती तेव्हा हॉस्पिटलात नेवक त्यानंच कंपनीची गाडी दिल्यान."

गाडी एका दुपारपुरती दिली आणि नोकरी कायमची काढून घेतली, हे मी त्यांना समजावून थकले. गावाहून येताना ते आमसुलांची दोन पाकिटं आणायचे. एक मला, दुसरं त्याला. कोर्टाच्या व्हरांड्यात, माझ्या डोळ्यांदेखत ते दुसरं पाकीट त्या मॅनेजरच्या हातात पडायचं.

मी एकच गोष्ट बजावली होती. मला विचारल्याशिवाय कशावरही सही करायची नाही.

"नाय करूचंय गो," काका म्हणाले.

पण कंपनी कोकणी माणसाला माझ्यापेक्षा चांगली ओळखून होती. गणपतीला गावी निघायच्या दिवशीच, भर दुपारी तिने सगळ्यांना 'हिशेब घेऊन जा' म्हणून कारखान्यात बोलावलं. संध्याकाळी काकांचा फोन आला तो एसटीतून. मागे आरत्या चालू होत्या.

"बाय, सही केलंय हां. चाय दिल्यानी, खुर्चेर बसवल्यानी. माणूस वाईट नाय तो."

"कागदात काय लिहिलं होतं?"

"इंग्लिश होता. गणपती जावंदे, मगे बघू."

असले कागद मला पाठ होते. सगळं भरून पावलो, स्वखुशीने राजीनामा देतो, यापुढे नोकरीवर हक्क सांगणार नाही, असंच लिहिलेलं असणार. मी फोन ठेवला आणि समोरची फाइल टेबलावर आपटली.

ती सही खुशीची नव्हती, असं मी कोर्टात मांडलं. सगळी भिस्त काकांच्या साक्षीवर. जे घडलं ते न घाबरता सांगा, एवढं त्यांना पुन्हापुन्हा सांगितलं होतं.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "कुणी धमकी दिली? हात धरला?"

"छे. माणूस वाईट नाय तो."

मी कपाळाला हात लावला. वकील खुशीत खाली बसत होता, तेवढ्यात काका सहज म्हणाले, "फकत गेट बंद होता. सही केलेल्याक सोडीत होते."

न्यायाधीशांनी मान वर केली. "आणि सही केली नसती तर?"

"ता कोणी इचारूकच नाय, सायेब. मांडयेर गणपतीचा मखर, भायर गाडी सुटत होती."

बाहेर आल्यावर मला विचारतात, "बाय, माझा काय चुकला काय गो?" मला त्यांचा राग आला होता आणि मायाही वाटत होती. मी त्यांना समोरच्या टपरीवर चहा पाजला. त्यांनी तो शांतपणे बशीत ओतून प्यायला.

मग नुसत्या तारखा पडत राहिल्या. निकाल आमच्या बाजूने लागला. गेटाला कुलूप लावून घेतलेली सही खुशीची नव्हे, असं कोर्टाने म्हटलं. पण ते ऐकायला काका नव्हते. आदल्या शिमग्याला ते गावी वारले.

वारस म्हणून सही करायला काकी आल्या. कागदाची ओळ न् ओळ त्यांनी माझ्याकडून मराठीत सांगून घेतली, मगच पेन हातात धरलं. सही झाल्यावर पिशवीतून दोन पाकिटं काढली.

"एक तुमका. दुसरा त्या मॅनेजराक. ह्येंनी सांगान ठेवल्यानी."

"काकी, त्याला?"

"माका काय देवचा नाय होता. पण ह्येंचो शब्द आसा."

ते दुसरं पाकीट अजून माझ्या खणात आहे. त्या माणसाकडे जायला माझा पाय उचलत नाही, आणि घरी नेऊन सोलकढी करायला हात धजत नाही.