अक्कांचं सर्वनाम

समस्त पारोळेकरांस, विशेषतः ज्यांचं इंग्रजी दहावीच्या परीक्षेतच वारलं त्यांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की आपल्या गावात इंग्रजी व्याकरण डोक्यावर पदर घेऊन शिकणारी एक बाई राहत होती. त्या आमच्या शेजारच्या अक्का. मोबाइलवर व्हिडिओतले सर दिसले की त्यांचा हात आपोआप पदराकडे जाई. परका पुरुष, त्यातून मास्तर.

सर विचारत, "समजलं ना?" अक्का म्हणत, "हो सर, पन जरा धीरे." भाकर उलटायला उठावं लागलं तर त्या व्हिडिओ थांबवून मोबाइल पालथा ठेवत. "सरनं तोंड उघडंच राहस. बरं दिसत नै."

हा उद्योग हौसेचा नव्हता. मुलगा संदीप पुण्यात नोकरीला. तिथे सोबत काम करणारी केरळची मुलगी त्याने पसंत केलेली. तिच्या आईला हिंदीसुद्धा येत नव्हतं, मराठी तर सोडाच; मोडकंतोडकं इंग्रजी तेवढं येई. मुलगा त्यांना आवडला होता. पण लेक इतक्या लांब द्यायची तर सासूशी आपण स्वतः बोलणार, मधे कुणी बोलायचं नाही, मगच होकार, असा त्यांचा निरोप आला. थोडक्यात, संदीपचं लग्न व्याकरणावर अडलं. अक्कांचे यजमान आबा गोठ्यातून म्हणाले, "आते म्हशी बी इंग्रजीमा रेकतीन."

इंग्रजी वाक्यरचना अक्कांना मुळीच पटली नाही. मराठीचं क्रियापद घरच्या बाईसारखं, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसणारं. इंग्रजीचं मात्र कर्त्याला खेटून बसलेलं. "लाज ना लज्जा," अक्का म्हणाल्या.

सर्वनामांच्या धड्याला तर त्या सरांवरच उखडल्या. "'ही' म्हंजे बाई. मी आमना ह्यासले 'ही' म्हनू?" पण नाव न घेता माणसाबद्दल बोलायची ही चोख सोय आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मला म्हणाल्या, "भाऊ, हाई सर्वनाम एखादी सासुरवाशीणनीच काढेल शे." (आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात.) लग्नातला उखाणा सोडला तर त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आता आबांची बदली थेट इंग्रजीत झाली. "ही इज गोइंग टू शेत."

बोलण्याचा दिवस उजाडला. व्हिडिओ कॉल होता, माझ्याकडे फोन धरायचं काम. पुण्याहून आलेला संदीप माझ्या बाजूला, आबा दाराआड. अक्का छान बोलल्या. पाऊस, तब्येत, मुलीला काय आवडतं, सगळं झालं. मग केरळच्या बाईंनी विचारलं, "युवर हजबंड नेम?"

"ही," अक्का म्हणाल्या.

"यस, ही. नेम?"

"ओन्ली ही."

तिकडचं हसू मावळलं. बाईंनी मागे वळून कुणाशी तरी मल्याळममध्ये काही कुजबुज केली आणि जपून विचारलं, "फादर... इज देअर?" नवरा आहे की नाही, असला तर हिचाच की दुसरीचा, सगळ्या शंका त्या चेहऱ्यावर आल्या होत्या. आणि आम्हाला बोलायला बंदी.

अक्कांनी पदर सारखा केला, नजर खाली वळवली आणि चालीवर म्हणाल्या,

"प्रेझेंट टेन्स, पास्ट टेन्स, फ्युचर इज द सेम,
भास्करराव इज माय हजबंड, नाऊ आय टेक हिज नेम."

केरळच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. "मी आल्सो," त्या म्हणाल्या, "नेव्हर से नेम." लग्न तिथेच ठरलं.

पुढे नातू झाला, तसे अक्का आणि आबा पुण्याला गेले ते गेलेच. शेजारच्या घरात आता भाडेकरू आहेत, त्यांचं इंग्रजी उत्तम आहे आणि त्यांच्यात ऐकण्यासारखं काही नाही. मी मात्र अजून त्या फोनवरचं दृश्य लोकांना करून दाखवतो. उखाणा संपला, हसू चालू होतं, आणि दाराआडून आबा बनियनवरच निघाले, माझा हात धरून फोन आपल्याकडे वळवला आणि केरळला म्हणाले, "येस. आय शे."