डफडं उचलायचं कोणी

आमच्या गावात कुशाबाची हाक सगळ्यांना ऐकू यायची. कुशाबाचं म्हणणं मात्र कोणालाच ऐकू यायचं नाही. दवंडी पिटणं हे त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या डोंगराखाली आमच्या पाच वाड्या. गावकीनं काही ठरवलं की कुशाबा डफडं घेऊन वाडीवाडीतून फिरायचा, आणि त्यानं ओरडून सांगितलं की ते ठरलं. मग ते मागे फिरवायचं तर पुन्हा दवंडीच पिटावी लागायची, असा रिवाज. मला तो फार शहाणपणाचा वाटायचा. अठ्ठावन्न सालच्या चैत्रापर्यंत वाटायचा.

त्या चैत्रात माझा चुलतभाऊ महिपतदादा परळच्या गिरणीतून रजा काढून आला, तो मोर्चा घेऊनच. संयुक्त महाराष्ट्रासाठी अख्ख्या तालुक्यानं महाडच्या कचेरीवर जायचं होतं. दादा ढोंगी नव्हता, हे आधीच सांगतो. मुंबईच्या गोळीबारात त्याच्या शेजारचा माणूस पडला होता. ते सांगताना त्याचा आवाज अजून कापायचा आणि ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा.

दुपारी भैरीच्या देवळात गावकी बसली. मी व्हर्नाक्युलर फायनल पास आणि अक्षर बरं, म्हणून मागण्यांचा कागद माझ्या मांडीवर. घरटी एक माणूस, असं ठरलं.

"महारवाड्यातली बारा घरंपण पाहिजेत," दादा म्हणाला. "पब्लिक दिसली पाहिजे."

त्या लोकांनी दीड वर्षापूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, तरी आमच्या तोंडातून महारवाडा हा शब्द गेला नव्हता. कुशाबा पायऱ्यांच्या खाली उन्हात उभा होता. त्याच्या माणसांनी त्याला ते डफडं टाकून द्यायला कधीच सांगितलं होतं. तो वाकून जोहार घालायचा थांबला होता, पण दवंडी अजून सुटली नव्हती.

"येतो की," तो म्हणाला. "पन आमचीबी एक गोष्ट कागदात घाला. इहिरीचं पानी."

विहीर देवळाच्या डाव्या अंगाला, पन्नास पावलांवर. चार वर्षांपूर्वी श्रमदानानं खणलेली. खालचा कातळ फोडायला आणि दगड उपसायला कुशाबाची माणसं होती. ज्या दिवशी पाणी लागलं, त्या दिवशी त्यांना वर यायला सांगितलं, आणि त्यानंतर त्यांचा पोहरा त्या पाण्याला लागू दिला नाही. चैत्रात नदी आटली की त्यांच्या बायका पार खालच्या डोहावरून हंडे आणायच्या. मागच्या चैत्रात कुशाबाची सून प्रयागबाई त्या चढणीवर हंड्यासकट पडली आणि तिचं पोटातलं मूल गेलं. यंदा तिला पुन्हा सातवा लागला होता.

"मागल्या साली एक गेला, दादा," कुशाबा म्हणाला. "ह्यो तरी ऱ्हावा."

मी कागदावर ओळ लिहिली. खरंच लिहिली. दादानं वाकून वाचली आणि माझ्या हातातला टाक घेऊन तिच्यावर रेघ ओढली.

"कुशाबा, आधी महाराष्ट्र. आपलं राज्य आलं की विहिरी काय, सगळंच सुटेल. आत्ता हा विषय काढला तर गावात फूट पडेल. थोडा दम धर."

"किती?"

गावकीतले म्हातारे मालोजीकाका खाकरले आणि विषय संपला. रेघ ओढलेला कागद कचेरीत शोभणार नाही, म्हणून मी दुसऱ्या कागदावर सगळं स्वच्छ उतरवून काढलं, ती ओळ सोडून. कोणी मला दटावलं नव्हतं. माझ्या सुंदर अक्षराची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत दात घासत होतो, तेव्हा कुशाबा वाडीत आला. नेहमीसारखं डफडं कडाडलं.

"ऐका हो ऐका! गावकीचा हुकूम हाय! परवा महाडला मोर्चा हाय, घरटी येक मानूस!"

नेहमी इथं डफडं थांबायचं. त्या दिवशी ते पुन्हा कडाडलं.

"गावकीचा दुसरा हुकूम हाय! आजपासून देवळाकडची इहीर समद्यांची! महारवाड्यानं आपल्या हातानं पानी भरायचं हो!"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. शेजारच्या अंगणातलं झाडणं थांबलं. कुशाबा आमच्याकडे न बघता पुढच्या वाडीला गेला. पाचही वाड्यांत त्यानं तेच ओरडून सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

ऊन चढायच्या आत सगळा गाव देवळापाशी जमला. काहींच्या हातात काठ्या होत्या. कुशाबा आपणहून आला आणि पायऱ्यांच्या खाली उभा राहिला. एकटाच.

"कोणी दिला तुला हा हुकूम?" दादा ओरडला.

"कोनी नाय."

"मग आत्ताच्या आत्ता जा आणि दवंडी मागे फिरव!"

"मी नाय मागं फिरवायचा." कुशाबानं गळ्यातलं डफडं काढलं आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं. "आजपून मी ह्ये काम सोडलाय. ज्याला फिरवायचीय त्यानं उचलावं."

चाळीस-पन्नास माणसं होतो आम्ही. एक जण पुढे आला नाही. मेलेल्या जनावराच्या कातड्याचं ते डफडं, कुशाबाच्या बापजाद्यांनी वाजवलेलं. त्याला आमच्यातल्या कोणी जन्मात बोट लावलं नव्हतं. दादा तरातरा दोन पायऱ्या उतरला. हात पुढे केला. मी मनात उचल म्हणत होतो की नको म्हणत होतो ते मला आजही सांगता येत नाही.

"महिपत," मालोजीकाका मागून म्हणाले, "देवळात पाऊल ठेवायचंय तुला नंतर."

दादाचा हात मागे आला.

तेवढ्यात विहिरीकडच्या बायकांनी माना वळवल्या. प्रयागबाई येत होती. डोक्यावर रिकामा हंडा, एक हात पोटाशी. रहाटाच्या दोरीला माझी आई होती. आईनं तिच्या पोटाकडे बघितलं. मला वाटलं, आई काहीतरी बोलेल. आईनं भरलेली कळशी तिथंच उपडी केली, दोरी सोडली आणि घरी निघाली. तिच्यामागून बाकीच्या निघाल्या. विहिरीवर एकटी प्रयागबाई उरली.

दोघं-तिघं काठ्या सावरून तिकडे वळले. कुशाबा धावला नाही. दादाकडे बघून तो म्हणाला, "परवा झेंडा घेऊन कचेरीत जायाचाय ना तुमाला? जावा. पन माझ्या सुनेवर काठी उचललीत तर मीबी त्याच कचेरीत येनार. शिवाशिवीला कायदा हाय आता. तुमचा कागद येका टेबलावर, माझा दुसऱ्या. सायेब दोनीबी वाचील."

तिकडे विहिरीवर रहाट करकरला. पोहरा खाली गेला, पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, आणि करकरत वर आला.

"चला रे," दादा पडक्या आवाजात म्हणाला. "काठ्या ठेवा."

मोर्चा गेला. महारवाड्यातून कोणी आलं नाही. मी माझ्या अक्षरातला कागद साहेबाच्या हातात दिला आणि घोषणा देऊन घसा बसवून घेतला. गावानं आठ दिवस ती विहीर टाकली होती. नवव्या दिवशी डोहाची चढण आमच्या बायकांना सोसेना आणि त्या परत आल्या, महारवाड्याच्या बायकांचं भरून झाल्यावर का होईना. प्रयागबाईला ज्येष्ठात मुलगी झाली. जगली. डफडं मात्र पायरीवरच पडून राहिलं. दोन पावसाळ्यांत कातडं कुजलं, नुसतं कडं उरलं, आणि देवळात जाताना आम्ही सगळे त्याला वळसा घालत राहिलो.

साठ साली महाराष्ट्र झाला. दादा नेमका गावी होता, आनंदानं वेडा झालेला. दवंडी पिटायला कोणी नव्हतं. मग तो स्वतःच थाळी बडवत निघाला, आणि मी त्याच्यासोबत. भर मे महिन्यात पाचही वाड्या ओरडत पालथ्या घातल्या. शेवटी खालच्या वस्तीत पोचलो, तेव्हा दादाच्या घशातून आवाज फुटत नव्हता.

कुशाबा अंगणात बसला होता, नात मांडीवर.

"कुशाबा, झाला रे महाराष्ट्र!"

"बरा झाला," कुशाबा म्हणाला. मनापासून म्हणाला. मग आत बघून हाक मारली, "प्रयागे, पानी आन गो. ओरडून घसा सुकलाय त्यांचा."

तिनं तांब्या आणून आमच्यासमोर धरला. पाणी आमच्याच विहिरीचं होतं, सकाळी माझ्या आईनंही तेच भरलेलं. दादानं तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अजून पोलादपूरला जायचंय," तो म्हणाला, "टाइम नाही." आणि वळला.

मला तहान लागली होती. जीभ टाळूला चिकटली होती. मी दादाच्या मागून निघालो.