मफी गोल, मफी पब्लिक

कबड्डीच्या एका सामन्यात साठ-सत्तर गुण सहज होतात, आणि तरी उठताना लोक म्हणतात, आज काही मजा नाही आली. हे मी अनुभवाने सांगतो. रायगडात होतो तेव्हा गावोगावच्या स्पर्धांमध्ये माईक माझ्या हातात असायचा, आणि आता बहरीनमध्ये आमच्या मंडळाच्या हिवाळी सामन्यांनाही तो माझ्याच हातात असतो. नोकरी सनाबिसला, मालवाहतुकीच्या ऑफिसात. पण ओळख विचाराल तर समालोचक. माझा आवाज चांगला आहे. हे दुसऱ्या कुणी म्हणायची मी वाट बघत नाही.

तेव्हा आमची एकुलती एक लेक बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर झाली, याचा मला आधी धक्काच बसला. मैत्रिणीच्या वाढदिवसाला म्हणून रिंकवर गेली होती. पार्टी संपल्यावर मोठी माणसं खेळायला उतरली, लेक बघत बसली आणि तिथेच अडकली. तो संघ चालवणारा एक कॅनेडियन इंजिनियर आहे. त्याने तिला सरळ गोलमध्ये उभं केलं. म्हणाला, स्केटिंग जेमतेम आहे, पण तोंडावर पक, म्हणजे त्यांचा तो चकतीसारखा रबरी चेंडू, आला तरी ही डोळे मिटत नाही. ती कुणावर गेली आहे हे आमच्या घरी ठरलेलं आहे, आणि ते नाव माझं नाही.

अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्यावसायिक सामने आपल्याकडे शनिवारी भल्या सकाळी लागतात. लेक लॅपटॉप उघडून बसायची, मी चहा घेऊन शेजारी. पहिल्या दिवशी मी चहा संपेपर्यंत धीर धरला आणि मग म्हणालो, "अगं, इतका वेळ झाला, एक गोल नाही. एवढ्यात आमच्याकडे दोन लोण चढवून झाले असते."

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "बाबा, डोन्ट वॉच द पक. वॉच द गोली."

मी गोलीकडे, म्हणजे गोलकीपरकडे, बघायला लागलो. तो फार हलत नव्हता. समोरून माणूस आला की हा हातभर पुढे सरकायचा, खांदा किंचित वळवायचा, आणि येणाऱ्याला मघाशी दिसत असलेली जागा नाहीशी व्हायची. हे मी ओळखत होतो. आमच्याकडचा कसलेला कोपरारक्षक असाच उभा असतो. चढाईवाला आत येतो, हा पाय जरासा मागे घेतो, गडी वाटेवर येतो, आणि घोट्यात पकड बसते. त्या सकाळी चहाचा दुसरा कप झाला, तिसरा झाला, सामना एक-शून्य संपला, आणि मी जागचा उठलो नव्हतो.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे आणि ते मी कुणालाही ऐकवतो. गोल कमी झाले म्हणून माणूस कंटाळत नाही. काय टळलं ते कळत नाही म्हणून कंटाळतो. नवख्याला पक दिसत नाही, कोण कुठून आला ते समजत नाही, मग बिचारा बोर्डावरचा आकडा बघतो, आणि आकडा तर ढिम्म. दोष आकड्याचा नसतो, सांगणाऱ्याचा असतो. लेकीने सांगितलं की त्या मोठ्या लीगलाही हीच काळजी असते. गोल आटले की नियम बदलतात, गोलकीपरचे पॅड लहान करायला लावतात, जादा वेळेत खेळाडू कमी करून बर्फ मोकळा करतात. मी म्हटलं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक बरा समालोचक ठेवा.

हे बोलणं माझ्या अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. संघाला रिंकवर दर शुक्रवारी संध्याकाळी खेळायला मिळायचं. बघायला बाकांवर खेळाडूंचे घरचे, तेही मोबाईलमध्ये. रिंकचा मॅनेजर बहरीनी, माणूस दिलदार, आम्हा भारतीयांशी गल्फमधली हिंदी बोलतो, त्यात 'नाही'ला 'मफी'. एका शुक्रवारी त्याने मला आणि कॅनेडियनला कडेला घेतलं.

"देखो," तो म्हणाला, "मफी गोल, मफी पब्लिक. बर्थडेवाले रोज पूछता है, फ्रायडे शाम खाली है क्या. अगले जुमे को मालिक आएगा. पब्लिक आखिर तक बैठा तो ठीक. नहीं बैठा तो खलास."

वर त्याच्याकडे उपायही तयार होता. गोलची जाळी रुंद करायची. नाहीतर दोन्हीकडचे गोलकीपर काढूनच टाकायचे, मग बघा कसे धडाधड गोल होतात.

लेक मागे पॅड सोडत बसली होती. तिने मान वर केली. "देन टेक आउट द आइस ऑल्सो."

मॅनेजर मनापासून हसला, पण म्हणणं काही मागे घेतलं नाही. ही वेळ गेली तर बहरीनमध्ये तिला दुसरी जागा नव्हती. हौस म्हणून समुद्र ओलांडून दर आठवड्याला दुसऱ्या देशात जाणं आमच्यासारख्यांना जमणारं नाही, आणि हे तिलाही माहीत होतं. त्या रात्री अरादच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत तिने पॅड वाळत घातले आणि झोपायला गेली. रडली असती तर मी समजूत काढली असती. ती गप्प राहिली आणि मला राग आला. मॅनेजरचा नाही. पोरगी सबंध तास अडवते आणि लोक म्हणतात काहीच झालं नाही, याचा.

सकाळी मी मॅनेजरला फोन केला. "माईक मेरे को दो. पब्लिक मैं लाता है, और बिठाता भी मैं."

"इंशाल्ला," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता हे त्या एका शब्दात कळलं.

मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं, बहरीनमध्ये स्वेटर घालायची संधी, फक्त या शुक्रवारी. बस्स, एवढंच. बाहेर सप्टेंबरची दमट हवा, सदरे पाठीला चिकटलेले, आणि आत बाकांवर आमची माणसं शाली गुंडाळून बसली होती. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईवडिलांसाठी कुणी कुठून तरी कानटोप्या पैदा केल्या होत्या. मालक मॅनेजरच्या शेजारी, पहिल्या रांगेत.

ऐनवेळी कळलं की बोर्डावर आकडे लावणारा माणूस लीव्हवर आहे. मी चाचांना बसवलं. चाचा रत्नागिरीचे, हमद टाउनला त्यांचं हार्डवेअरचं दुकान, आणि मंडळाच्या कबड्डीचा गुणफलक गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे. माझा आवाज आणि त्यांचा हात अशी जोडी जमलेली. पंचाने शिट्टी वाजवली की नाही बघायला ते मान वर करत नाहीत, माझं बोलणं ऐकूनच आकडा बदलतात.

"चाचा, इथे सोपं आहे. गोल झाला की बटण."

"त्यात काय," ते म्हणाले. "पॉइंट झाला की बटण."

सामना सुरू झाला. लेकीचा संघ निळा, समोरचा लाल. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली, थोडं मराठी, थोडं हिंदी. लालची चढाई, उजव्या कोपऱ्यातून आत, गोलकीपर पुढे आली, जागा बंद केली, फटका, आणि पकऽऽड! बाकांवरून टाळ्या पडल्या. मी खूश. पुढच्या मिनिटाला निळ्यांची चढाई, तिकडच्या गोलीची पकड. पुन्हा टाळ्या. बाकांवरचे मोबाईल खिशात जायला लागले. पोरं उभी राहून ओरडत होती. मी मनात म्हटलं, बघ म्हणावं मॅनेजरला, कसं रंगतं ते.

कॅनेडियन त्या दिवशी पंच होता. त्याने शिट्टी फुंकली, खेळ थांबवला आणि बोट वर करून उभा राहिला. त्याच्या बोटाच्या दिशेने मी बघितलं. बोर्डावर चार-तीन लागले होते.

"हू स्कोर्ड?" त्याने विचारलं.

मी चाचांकडे वळलो. ते शांत होते. "तू पकड म्हणालास. पकडीला गुण नको द्यायला?"

"चाचा, इथे पकडीला गुण नसतो."

"नसतो?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच आताच्या आता तो नियम केला. "मग अडवणाऱ्याला काय मिळतं?"

"काही नाही."

चाचांनी आकडे पुसले. शून्य-शून्य. मालकाने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने छताकडे. आणि बाकांवरून अशी नाराजी उठली की माईकवरचा माझा आवाजही तिच्यात बुडाला. हातचे गुण काढून घेतल्यावर कुणाला बरं वाटेल? मागून एक जण म्हणाला, "निळ्यांचे चार परत द्या." पुढच्या रांगेतल्या, मुलाकडे राहायला आलेल्या साताऱ्याच्या काकूंनी मला थेट विचारलं, "अहो, एवढ्या वेळा अडवलं पोरीने, त्याचं शून्यच?"

"शून्यच, काकू."

"मग करते कशाला एवढं?"

माईक चालू होता. मी म्हणालो, "न केलं तर चार झाले असते म्हणून."

माझ्या सगळ्या समालोचनापेक्षा चाचांच्या त्या चुकीने जास्त काम केलं, हे मला मान्य आहे. कारण आता सगळ्यांना कळलं होतं की त्या जाळीसमोर काय चाललंय. बोर्डावर लागत नसलेल्या पकडी लोक आपापल्या तोंडाने मोजायला लागले. कुणी निळ्यांच्या मोजत होतं, कुणी लालच्या, आणि मध्यंतरात त्यावरून दोन भावजींमध्ये जुंपलीसुद्धा. काकू तर लालच्या गोलीलाही शाबासकी देत होत्या. म्हणाल्या, तोही कुणाचा तरी मुलगाच ना.

शेवटच्या सत्रात मी कमी बोललो. बोलायची गरजच नव्हती. बोर्ड तसाच कोरा होता आणि प्रत्येक चढाईला बाकं एकदम गप्प व्हायची, स्केट बर्फावर घासल्याचा आवाज वरपर्यंत यायचा. कुणी पाणी प्यायला उठलं नाही. माझी मात्र पंचाईत झाली होती. मॅनेजरला गोल हवा होता. एक गोल झाला तर तो मालकाला दाखवायला मोकळा. आणि मला बापाला तो नको होता. माईक तोंडासमोर धरून मी मनात म्हणत होतो, राहू दे शून्य, असंच राहू दे.

वेळ संपत आली होती. लालचा एक उंच गडी डावीकडून आला. लेक पुढे सरकली, फटका पॅडवर घेतला. पकड. शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण पक पॅडवरून उडून समोर पडला, तिथे दुसरा लाल उभा होता, आणि ती अजून गुडघ्यावर होती. तिने त्या बाजूला सबंध अंग टाकलं. ते पुरलं नाही.

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. चाचांचा हात बटणावर होता, पण दाबत नव्हता. ते माझ्या आवाजाची वाट बघत होते.

समालोचक कुणाच्या बाजूचा नसतो, हे मी नव्या पोरांना नेहमी शिकवतो. पण मी ओरडलो ते त्या शिकवणीमुळे नाही. सबंध संध्याकाळ दोन्हीकडच्या माणसांनी जिवाचं रान करून एक गोष्ट होऊ दिली नव्हती, आणि ती आता झाली होती. ती पुटपुटून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. मी सबंध दम लावून "गोऽऽऽल" म्हणालो, लालचा, एक-शून्य, आणि सगळी बाकं उभी राहिली. शाली खाली पडल्या. मालकही उभा होता. निळ्यांसाठी आलेली माणसं लालसाठी टाळ्या वाजवत होती, आणि लगेच लेकीसाठीही वाजवायला लागली, थांबेचनात.

बाहेर पडताना मॅनेजरने मला गाठलं. चेहरा गंभीर. "आज कॅन्टीन में मफी सेल. एक आदमी चाय नहीं लिया. सब बैठा रहा."

"फिर?"

"फिर क्या, मालिक बोलता है शाम रखो. लेकिन तुम बीच में चुप बैठो, पब्लिक को चाय पीने दो. यल्ला, चलो, अगला जुमा."

गाडीत लेक मागच्या सीटवर पॅड आणि हेल्मेटच्या ढिगात बसली होती. केस ओले, गाल लाल. बातमी तिला कळली होती. मुहर्रकचा पूल येईपर्यंत ती पॅडचे पट्टे गुंडाळत होती. शेवटी मीच म्हणालो, "तो गोल मी जरा जास्तच मोठ्याने सांगितला का गं?"

आरशात तिने माझ्याकडे बघितलं.

"बाबा, इफ यू हॅड सेड इट सॉफ्टली," ती म्हणाली, "आय वुड नेव्हर हॅव फरगिव्हन यू."