दुसऱ्या तलावाची मासळी

पर्ल या संगणकभाषेत प्रोग्राम लिहून देणाऱ्याने मला फसवलं आणि एका मासेवाल्या बाईला खोटं पाडलं. उन्हात तापलेल्या मासळीचा वास आला की ती दुपार आठवते. मी तलावांवरची मासळी गाडीने बाजारात नेतो. गोंडपिपरीकडच्या तलावांवर जाळं निघालं की लोक मला मेसेज टाकायचे, 'गाव' शब्दाने सुरू होणारे आणि 'गाडी पाठवा'ने संपणारे. त्यातलं गावाचं नाव उचलून प्रोग्राम ड्रायव्हरला कळवायचा. त्या दिवशी दोन गावांचे मेसेज एकदम आले आणि गाडी पहिल्याच गावाहून परतली. दुसऱ्या तलावावरची बाई टोपलं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. रोहू माशांचे डोळे पांढरे पडले होते, माल खराब झाला होता. "भाऊ, मी सकायीच कळवलं. तुमच्या मशीनले माहं गाव काऊन दिसत नाई?" प्रोग्रामवाला फोनवर हसला, "तिलेच मेसेज टाकता येत नसन!" मी चिडून स्वतःच शिकत स्क्रीनसमोर बसलो. मेसेजमधून नाव शोधायचा त्याचा पॅटर्न पहिल्या 'गाडी पाठवा'ला थांबतच नव्हता; शेवटच्या 'गाडी पाठवा'पर्यंत सगळं गिळून दोन मेसेजचा एकच करत होता. त्या पॅटर्नमधल्या ताऱ्याच्या (*) खुणेपुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि दोन्ही गावं दिसली. त्याला सांगितलं तर म्हणतो, "ते तं मले माहीत होतं, पण तेवढ्यासाठी कोण बसते?" तलावावर गेलो तेव्हा ती दुसऱ्याच्या गाडीत मासळी चढवत होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. आजही माझी गाडी त्या तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, रिकामी जाते. प्रोग्राम मी दुरुस्त केला, तिचा भरवसा मला परत मिळवता आला नाही. त्या प्रोग्रामवाल्याने त्याच पाळीवर, तिच्यासमोर उभं राहून सांगावं, खोटं कोण बोललं?