कमळाकरदादांच्या हातचा फज

कमळाकर घरत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस इथे महिनाभरही टिकणार नाही. सगळा जन्म गावाकडे, गव्हाणला, उघड्यावर गेलेला आणि आता कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलेला. बायको, वेणू, वारली आणि मुलगा हरेश त्यांना घेऊन आला, एवढंच तेव्हा कळलं. मी निवृत्त शिक्षिका. माणूस दिसला की मार्क द्यायची खोड अजून गेलेली नाही. दादांना मी काठावर पास केलं होतं. पुढे मला ते मार्क वाढवावे लागले, आणि माझे स्वतःचे कमी करावे लागले. का ते सांगते.

दादा अकराव्या वर्षी मिठागरात कामाला लागले. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, मीठ धरलं की लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ओढून त्याच्या राशी घालायच्या. चाळीस वर्षं हेच केलं. तळपाय इतके निबर झाले होते की आमच्या जिन्यात अनवाणी चालले तरी चपला घातल्यासारखा आवाज यायचा. मग मिठागर बंद पडलं, तिथून रस्ता गेला. पन्नाशीच्या धडधाकट माणसाला करायला काही उरलं नाही. त्याबद्दल मी त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, पानी कुटं थांबतं का? गेला." आणि पायपुसणं झटकायला उठले.

हरेश रेती-खडी पुरवतो. सकाळी बाहेर पडला की दिवस मावळल्याशिवाय घरी येत नाही. सून भाविका पनवेलला एका वकिलांच्या ऑफिसात आहे. म्हणजे दुपारी घरात दोन मुलं आणि आजोबा. मनस्वी आता नऊ वर्षांची आहे, प्रितम सहाचा. चार वर्षं या माणसाने ती मुलं सांभाळली. बसथांब्यावरून आणायची, वरणभात कालवून भरवायचा, गृहपाठाला बसवायचं. स्वतःला अक्षर धड ओळखता यायचं नाही, पण वही उलटी धरून "नीट काढ, नीट काढ" म्हणायचे आणि प्रितम घाबरून खरंच नीट काढायचा. मनस्वीच्या दोन वेण्या घालायला ते माझ्याकडून शिकले. पहिल्या दिवशी इतक्या करकचून घातल्या की पोरीचे डोळे ताणले गेले. आठवड्याभरात भाविकापेक्षा चांगल्या घालायला लागले. मी पुरुषांचं कौतुक सहजासहजी करत नाही, पण ते मी केलं.

मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, चावी, असल्याच गोष्टी. त्या तर मीही विसरते. पण जूनमध्ये एका दुपारी ते प्रितमला आणायला म्हणून खाली उतरले आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत कशाला आलो तेच विसरले. भाजीवाल्याच्या बाकड्यावर तासभर बसून राहिले. प्रितम वॉचमनच्या खुर्चीवर बसून रडत होता. संध्याकाळी भाविका माझ्या दारात आली. तिचेही डोळे भरलेले होते.

"काकू, बाबांना मी काही बोलत नाही. पण हे अजून एकदा झालं ना, तर मी त्यांना गव्हाणला सोनाआत्यांकडे ठेवणार. मला ऑफिसात बसून जीव मुठीत धरून काम नाही करता येत."

सोनाबाई म्हणजे दादांची थोरली बहीण. तिचेच गुडघे गेलेले. तिच्याकडे दादांना ठेवायचं म्हणजे एका ओट्यावर दोन म्हातारी माणसं बसवून ठेवायची. पण भाविका चुकीचं बोलत होती असं मला आजही म्हणवत नाही. अडचण एवढीच झाली, की दाराआड उभ्या असलेल्या मनस्वीने ते ऐकलं.

तेव्हापासून ती पोर आजोबांची पहारेकरीण झाली. बसथांब्यावर उतरली की त्यांचा हात ती धरायची. चष्मा शोधून मुकाट्याने त्यांच्या उशाशी ठेवायची. औषध घेतलं का ते डब्यात बघून यायची. आईने विचारलं, "आज सगळं ठीक?" की प्रितमच्या आधी हीच उत्तर द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी तिला शिकवलं नव्हतं. पण ती मूठ झाकताना मी बघत होते आणि मला तिचं कौतुकच वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाविकाचा वाढदिवस आला. मनस्वी आदल्या दिवशी माझ्याकडे आली.

"टीचर आजी, आपण मम्मीसाठी फज करायचा. सरप्राइज. पण आजोबांनी करायचा. म्हणजे मम्मीला कळेल की आजोबा असले तरी सगळं नीट होतं."

"आणि गॅस?"

"गॅस तुम्ही पेटवायचा. बाकी सगळं आजोबा."

तिने सगळा विचार केलेला होता. फजला पाक नको, तार बघायला नको. आटवलेल्या गोड दुधाचा एक डबा, चॉकलेटची लादी, मोठा चमचा लोणी, अक्रोड आणि चिमूटभर मीठ. मंद आचेवर सगळं एकजीव करायचं, डब्यात ओतायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, वड्या पाडायच्या. ज्याला ढवळता येतं त्याला फज येतो. आणि दादांना ढवळता येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात जमलो. मी गॅस पेटवला आणि स्टुलावर बसले. मनस्वीने कागदावरून वाचायचं, प्रितमने चॉकलेटचे तुकडे करून घालायचे (आणि खायचे), आणि दादांनी कालथा फिरवायचा. त्यांनी कालथा हातात घेतला आणि मला पहिल्यांदाच कळलं की हा माणूस कामाच्या वेळी कसा दिसत असेल. पाय थोडे फाकवलेले, खांदे सैल, हात कडेकडेने येऊन मध्ये वळतो, पुन्हा कडेला जातो. कुठे घाई नाही, कुठे खंड नाही. चॉकलेट विरघळून दुधात मिसळलं आणि त्याला तकाकी आली. प्रितम म्हणाला, "आजोबा, तुम्ही एकदम शेफ." दादा लाजले. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू मी कित्येक महिन्यांनी बघितलं.

"आता मीठ," मनस्वीने वाचलं. "चिमूटभर."

"गोडात मीठ?" दादा म्हणाले.

"त्याने चॉकलेटची चव खुलते," मी सांगितलं.

"मंग बराबर हाय. मिठाबिगर काय हाय?" त्यांनी मिठाच्या डब्यात पाचही बोटं घातली. मिठागरातल्या माणसाची चिमूट ती, तुमच्या-माझ्या दुप्पट. मी म्हटलं, असू दे. गॅस बंद केला आणि डब्याला लावायला बटर पेपर आणायला माझ्या घरी गेले. तो सापडायला मला पाच मिनिटं लागली.

परत आले तेव्हा दारातूनच दादांचा आवाज ऐकू आला. "मीठ टाकला का गं? नाय ना?" आणि हात मिठाच्या डब्यात गेलासुद्धा.

प्रितम म्हणाला, "आजोबा, हे तर तिसऱ्यांदा..."

मनस्वीने त्याच्या दंडाला चिमटा काढला. इतका जोरात, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने वर बघितलं आणि मी तिला दिसले. नुसती बघत राहिली.

त्या क्षणी मी "दादा, थांबा" म्हणायला हवं होतं. आणखी एक डबा दूध खाली किराणा दुकानात मिळत होतं. पंधरा मिनिटांचं काम. पण ते म्हणायचं तर त्यांना सांगावं लागलं असतं की तुम्ही विसरलात. त्या हसऱ्या तोंडावर मला ते सांगवेना. मी बटर पेपर अंथरला, दादांनी मिश्रण ओतलं, कालथ्याने वरून सुरेख सारखं केलं, आणि आम्ही चौघांनी मिळून डबा फ्रिजमध्ये ठेवला.

संध्याकाळी भाविका आली. हरेशही त्या दिवशी लवकर आला होता. मुलांनी तिचे डोळे झाकून तिला टेबलापाशी नेलं. दादांनी स्वतः वड्या पाडलेल्या, एकसारख्या चौकोनी, प्रत्येकीवर अर्धा अक्रोड. भाविकाने वडी तोंडात घातली. तिचा घास मध्येच थांबला. मग तिची नजर मनस्वीकडे गेली. मनस्वीने स्वतः एक अख्खी वडी तोंडात कोंबली आणि चावत चावत म्हणाली, "मस्त झालाय ना, मम्मी? आजोबांनी केलाय. सगळा." प्रितमनेही खाल्ली. त्याचं तोंड वाकडं झालं, पण गिळली. हरेश म्हणाला, "भारी." मी म्हणाले, "छानच." भाविकाने घोट घेतल्यासारखं गिळलं आणि म्हणाली, "खूप छान झालाय, बाबा."

आम्ही पाच माणसं एका म्हाताऱ्यासमोर खोटं बोललो. प्रत्येकाच्या पोटात मायाच होती.

दादांनी शेवटी आपली वडी उचलली. एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. राशीतला एक खडा जिभेवर ठेवून हा माणूस एके काळी सांगायचा, मीठ मिठागराच्या कुठल्या कोंड्यातलं, म्हणजे वाफ्यातलं, आणि धरायला किती दिवस लागले ते. डोकं विसरत होतं. जीभ काही विसरली नव्हती.

"तीन वेला परला मीठ," ते म्हणाले.

"नाही आजोबा, एकदाच..." मनस्वी घाईने म्हणाली.

"तीन वेला," त्यांनी शांतपणे सांगितलं. मग तिला जवळ ओढून घेतलं. आवाज जराही चढवला नाही. "तुला ठाव होता. प्रितमला ठाव होता. आनि कोन बोलला नाय." ते भाविकाकडे वळले. "सूनबाई, आजपासून पोरांना माज्यावर सोडू नको."

"बाबा, एवढं काय त्यात? मीठच तर..."

"मिठाचा नाय गं. मीठ थुकता येतो. पोरां माज्यासाठी खोटा बोलली, हसत हसत खारट खाल्ला. उद्या मी गॅस चालू ठेवून विसरलो तर हीच पोरां गप बसतील. आज्याचा नाव नको, आज्याला गव्हाणला नको धाडायला (ता माज्या बी कानावर हाय), म्हनून गप बसतील. तेवा काय करशील?"

मनस्वीने माझ्याकडे बघितलं. दुपारी बघितलं होतं तसंच.

एक गोष्ट मी आतापर्यंत तुमच्यापासूनही लपवली. गणपतीच्या आधी एका दुपारी मला जिन्यात गॅसचा वास आला होता. मी धावत गेले तेव्हा मनस्वीने बटण बंद केलेलं होतं आणि ती खिडक्या उघडत होती. दादांनी तापत ठेवलेलं दूध उतू जाऊन बर्नर विझला होता. दादा बाहेर खुर्चीत डुलकी घेत होते, प्रितम आत झोपला होता. "टीचर आजी, मम्मीला नका ना सांगू," ती म्हणाली. आणि पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली मी म्हणाले, "नाही सांगत."

"भाविका," मी म्हणाले, "वास एकदा येऊन गेलाय."

मी सगळं सांगितलं. ती खाली बसली. हरेश भिंतीकडे बघत राहिला. दादांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तेवा प्रितम आत निजलेला?" मी हो म्हटलं. ते उठले, आत गेले आणि आपले कपडे पिशवीत भरायला लागले. पाच महिन्यांपूर्वी गव्हाणचं नाव काढणारी भाविका धावत आत गेली. ती पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली, ती काही केल्या सोडेना.

दादा गव्हाणला गेले नाहीत. आता दुपारी मुलं माझ्याकडे असतात आणि दादाही त्यांच्याबरोबर येतात. पण त्यांनी स्वतः एक नियम घातलाय. पाच वाजता चहाच्या वेळी मनस्वीने त्यांच्यासमोर बसायचं आणि आज आजोबा काय काय चुकले ते मोठ्याने सांगायचं, एकही न गाळता. संध्याकाळी तेच आईला सांगायचं. पहिल्या दिवशी तिला दोन वाक्यंसुद्धा धड बोलता आली नाहीत, रडायलाच लागली. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिले, "बोल, बोल, अजून एक राह्यला."

आता ती रडत नाही.