मटाराच्या करंज्या

काल सुनेने मटाराच्या करंज्या तळल्या आणि त्या वासाने मला जबलपूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये, लढाईच्या हिवाळ्यात नेलं. बाबांना तोफगोळ्यांच्या कारखान्यात दुहेरी पाळी होती. कडाक्याच्या थंडीत आम्ही भावंडं शेगडीभोवती बसून गरम करंज्या खात खिदळत होतो. इतक्यात शेजारच्या चाची रेडिओवरच्या बातम्या ऐकायला आल्या. त्यांचा मुलगा सीमेवर होता. आईने घाईघाईने ताट पदराखाली झाकलं.

"छुपाती क्यों हो, दीदी? बच्चों को खाने दो," चाची म्हणाल्या. "हमारे मुन्ना को भी बहुत पसंद है." त्यांनी स्वतःच्या हाताने मला एक करंजी भरवली. आई मान खाली घालून निखारे सारत राहिली.

मला तेव्हा ताट झाकल्याचाच राग आला होता. बाबा घरी आल्यावर त्यांनी आईला विचारलं, "तू काहून नाही खात?"

"तिचं पोरगं तिकडे थंडीत उभं आहे," आई म्हणाली, "अन् मी इथं तळण काढून राहिली."

मुन्ना उन्हाळ्यात सुखरूप परतला. चाचींनी घरोघरी पेढे वाटले. आईने पेढा घेतला, पण त्यांच्या नजरेला नजर काही तिला देता आली नाही.